पेंटिंग करणाऱ्यांसाठी रंगीत प्रिंटमेकिंग: घरच्या टेबलावर सुरुवात कशी करायची

ॲब्स्ट्रॅक्ट काम करणारे पेंटर प्रिंटमेकिंगकडे, म्हणजे कापलेल्या लाकडावर (त्याला ब्लॉक म्हणतात) किंवा काचेवर शाई लावून ती कागदावर छापण्याकडे, वळले की बहुतेक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करतात, आपलंच एखादं चांगलं जमलेलं पेंटिंग समोर ठेवतात आणि त्याची प्रिंट काढायला बसतात. ते करू नका. पेंटिंगची कॉपीच हवी असेल तर स्कॅन करून डिजिटल प्रिंट काढून देणारे गल्लोगल्ली आहेत, ते तुमच्यापेक्षा स्वस्तात आणि हुबेहूब काढून देतील. हाताने प्रिंट काढायची मजा वेगळी आहे. कॅनव्हासवर आकार आणि रंग एकदमच ठरतात, ब्रश टेकला की दोन्ही झालं. प्रिंटमध्ये ते दोन सुटे होतात, आकार आधी कापून तयार असतो आणि तो कुठल्या रंगात छापायचा हे तुम्ही उद्या सकाळी उठून ठरवू शकता, परवा बदलू शकता. एकच आकार पिवळ्यात किती जवळ येतो आणि राखाडीत किती मागे जातो हे कॅनव्हासवर बघायचं तर चार कॅनव्हास रंगवावे लागतात, इथे एका दुपारी बघता येतं. पहिले सगळे प्रयोग मी तरी याच एका कामासाठी वापरा असं सांगेन.

हेलन फ्रँकेंथेलरचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. अमेरिकन ॲब्स्ट्रॅक्ट पेंटर, 1952 मध्ये तिने 'माउंटन्स अँड सी' केलं, कच्चा कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यात पातळ केलेला रंग मुरवलेला. म्हणजे कडा विरघळलेल्या, रंग कापडातच शिरलेला. अशा बाईने 1961 मध्ये लाँग आयलंडवरच्या तात्याना ग्रोसमनच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा लिथोग्राफ, म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेली प्रिंट, केला, तिथे निदान दगडावर ब्रशने काम करता येतं त्यामुळे ते समजू शकतो. पण 1973 मध्ये तिने वुडकट करायला घेतला, म्हणजे तिच्या स्वभावाच्या बरोब्बर उलटं माध्यम, लाकूड, कडक कडा, खोदलेल्या रेषा. तिने काय केलं, तर खोदायच्या भानगडीत न पडता जिगसॉने लाकडाचे आकारच वेगळे कापले, प्रत्येकाला वेगळा रंग लावला आणि शेजारी शेजारी छापले. ती प्रिंट म्हणजे 'ईस्ट अँड बियाँड'. लाकडाचे रेषे रंगातून दिसतात, रंग पातळ आणि श्वास घेणारा राहतो, आणि तरी ती तिच्या पेंटिंगची नक्कल नाही. पुढे 2000 साली 'मॅडम बटरफ्लाय' मध्ये ती 46 ब्लॉक आणि 102 रंगांपर्यंत गेली, पण ते सोडा, आपल्याला एक प्लायवूडचा तुकडा, सुतार आणि तीन रंग पुरेत.

तर आता सामान.

शाई आणि कागद, यात कंजुषी आणि उधळपट्टी दोन्ही नको

आर्टच्या दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या लिनो शाया (लिनो म्हणजे कोरून छापायची मऊ लिनोलियमची शीट) मुलांच्या वर्कशॉपला ठीक आहेत, पण आपल्या उन्हाळ्यात त्या स्लॅबवरच, म्हणजे शाई पसरायच्या काचेवरच, सुकतात आणि एकावर एक थर दिले की खालचा थर भिजून उचलला जातो. परदेशी एचिंग इंक (धातूच्या प्लेटवरून छापायची शाई) उत्तम पण महाग. मधला रस्ता म्हणजे ऑफसेट प्रिंटिंगची शाई, जी आपल्याकडचे कितीतरी प्रिंटमेकर आणि आर्ट कॉलेजची पोरं वापरतात. छपाईचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन प्रोसेस यलो, मजेंटा (गडद गुलाबी), सायन (आकाशी निळा) आणि ट्रान्सपरंट व्हाइट मागायचं. दुकानदाराला 'शीटफेडची द्या', म्हणजे सुट्या कागदांवर छापायची, असं स्पष्ट सांगा, कारण वर्तमानपत्र छापायची जी शाई असते ती कागदात शोषली जाऊन बसते, हवेने कडक होत नाही, आणि तुमच्या प्रिंटवर बोट फिरवलं तर नंतर कधीही काळं होईल. डबे किलोचे असतात म्हणून दोघा तिघांनी मिळून घ्या. शाई काढताना डब्यात खड्डा करायचा नाही, वरून सपाट खरवडून घ्यायची आणि वर प्लास्टिकचा गोल कापून हवा न राहता दाबून बसवायचा, नाहीतर वर साय धरते आणि ती साय पुढे प्रत्येक प्रिंटवर कणाकणाने दिसते.

ट्रान्सपरंट व्हाइट नावाने फसू नका, ते पांढरं नाहीच, ते रंग नसलेलं माध्यम आहे, शाईत मिसळलं की रंग पातळ आणि पारदर्शक होतो. पेंटर लोक हलका रंग हवा म्हटलं की सवयीने पांढरा मिसळतात. इथे पांढरा मिसळला की रंग दुधाळ होतो आणि खालचा थर झाकला जातो, माध्यम मिसळलं तर खालचा थर वरच्यातून दिसतो आणि तिसरा रंग फुकट मिळतो. तीन पारदर्शक रंग नीट एकमेकांवर चढवले तर सात रंग होतात, कागदाचा पांढरा धरला तर आठ. सुरुवातीला एक भाग शाई आणि तीन ते चार भाग माध्यम असं प्रमाण धरा, मजेंटा आणि सायन फार दांडगे असतात त्यांना त्याहूनही जास्त लागतं.

मिसळलेला रंग कसा दिसणार हे स्लॅबवर बघून कधीच कळत नाही, ढीग असला की सायन काळाच दिसतो. प्रेसमधले जुने ऑपरेटर करतात तसं करायचं, तर्जनीला अगदी सुईच्या टोकाएवढी शाई लावायची आणि ज्या कागदावर छापणार त्याच कागदाच्या तुकड्यावर टप टप टप टप असं बोट आपटत पुढे सरकायचं, बोटावरची शाई संपत जाते आणि गडद ते फिकट असा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याच्या मधला भाग म्हणजे तुमचा छापील रंग. हा तुकडा फेकू नका, मागे पेन्सिलने प्रमाण लिहा. महिन्याभरात असे पट्टे जमले की तोच तुमचा पॅलेट, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

कागद. प्रेस, म्हणजे दाबून छापायचं यंत्र, नसताना हाताने घासून छापायचं तर कागद पातळ हवा, साधारण 60 ते 100 जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), पण लांब धाग्याचा आणि मऊ. नेपाळी लोकता कागद झकास चालतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत गेलात तर वेगवेगळ्या जाडीचे कागद हातात घेऊन बघता येतात, तिथे गुळगुळीत बाजू असलेला, फुलं पानं न घातलेला साधा कागद शोधा. जाड 300 जीएसएमचा वॉटरकलर पेपर घरी घासून छापायचा हट्ट करू नका, खांदा जाईल आणि प्रिंट तरीही ठिपक्या ठिपक्यांची येईल, तो कागद ओला करून प्रेसवर छापायचा असतो.

बाकी सामान: एक 8 मिलिमीटर जाड काच, कडा घासून घेतलेली, किंवा सनमायकाचा उरलेला तुकडा, दोन रबरी रोलर, दोन लापी भरायच्या पत्र्या, जुने टीशर्ट, रबरी हातमोजे. घासायला बॅरन, म्हणजे हातात धरायची सपाट चकती, विकत मिळतो, पण घरात काशाची वाटी असेल तर तिचा गुळगुळीत बुडाचा भाग फार छान काम देतो. लाकडी पळीची पाठही चालते.

पहिले काही दिवस फक्त मोनोटाइप

मोनोटाइप म्हणजे काचेवर किंवा ॲक्रिलिक शीटवर शाईने काहीतरी करायचं आणि कागद ठेवून उचलून घ्यायचं, एकच प्रिंट येते, ब्लॉक वगैरे काही खोदायचं नाही. पेंटरला हा सगळ्यात जवळचा दरवाजा, कारण यात रंग पुसता येतो. फ्रेंच चित्रकार देगाने हेच केलं होतं, सगळी प्लेट काळी करून त्यातून चिंधीने उजेड पुसून काढायचा, आणि दुसऱ्यांदा जी फिकट प्रिंट यायची तिच्यावर तो पेस्टल चढवायचा. आपल्याकडचे ॲब्स्ट्रॅक्ट पेंटर गायतोंडे प्रिंटमेकर म्हणून ओळखले जात नाहीत, पण कॅनव्हासवर रोलर आणि सुरी फिरवून, फाडलेले कागद दाबून रंग बसवायचं उचलायचं त्यांचं जे तंत्र होतं ते मोनोटाइपच्या अगदी शेजारच्या खोलीतलं आहे, त्यांची कामं पुन्हा बघायला मिळाली तर त्या नजरेने बघा.

करायचं असं. स्लॅबवर हरभऱ्याएवढी शाई घ्या, पत्रीने मळून मऊ करा, पातळ रेघ ओढा आणि रोलर फिरवायला लागा. दर दोन तीन फेऱ्यांनी रोलर उचलून हवेतच थोडा फिरू द्यायचा म्हणजे तोच तोच भाग स्लॅबला टेकत नाही. शाई किती झाली हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. बरोबर थर असेल तर रोलरखाली बारीक, एकसारखी सुरसुर ऐकू येते आणि शाईचा पृष्ठभाग मखमली दिसतो, जास्त झाली की चप चप असा ओला आवाज येतो आणि वर बारीक टेंगळं उठतात. जास्त झाली तर शाई कमी करायला कागद फिरवत बसू नका, सरळ स्लॅब अर्धा पुसा आणि पुन्हा पसरवा.

ॲक्रिलिक शीटच्या खाली तुमच्या कागदाच्या मापाची चौकट आखलेला पांढरा कागद ठेवा म्हणजे कुठे काय येतंय ते दिसेल. शीटवर रोलरने पातळ थर द्या. मग चिंधी, कापूस गुंडाळलेली काडी, पुठ्ठ्याची कड, जुनं एटीएम कार्ड, जे हाताला येईल त्याने पुसा, खरवडा. ब्रशने भरायचं असेल तर शाईत थेंबभर जवसाचं तेल घालून पातळ करा, पण खूप पातळ नको, कागद दाबला की ती बाहेर पळते आणि कडेला डबकं होतं. कागद ठेवा, एका हाताने घट्ट धरा, वाटीने मधून कडेकडे छोट्या गोलात घासा. एक कोपरा उचलून बघायचा, कमी वाटलं तर परत टेकवून घासायचं, दुसरा कोपरा सुटू द्यायचा नाही.

एक प्रयोग मी प्रत्येकाला करायला लावतो. शाई लावलेल्या शीटवर वर्तमानपत्राचा एक वेडावाकडा फाडलेला तुकडा ठेवायचा आणि त्यावर कागद ठेवून प्रिंट काढायची. तुकड्याखालची शाई झाकली गेल्यामुळे तिथे कागद पांढरा राहतो, आजूबाजूला गच्च रंग. आता तो तुकडा चिमट्याने हळूच उचला. खाली शीटवर बघा, तुकड्याबाहेरची शाई बहुतेक निघून गेलेली आहे आणि तुकड्याखालची तशीच आहे, वर वर्तमानपत्राच्या धाग्यांचा बारीक पोत उमटलेला, कडेला जाडसर शाईची एक काठ. दुसरा कागद ठेवून जोरात घासा. पहिल्या प्रिंटमध्ये जो आकार रिकामा होता तोच आता भरलेला येतो आणि भोवती फिकट धुकं. म्हणजे एका शाईत एकाच आकाराचं असणं आणि नसणं, दोन्ही. आणि उचललेल्या तुकड्याच्या पोटाला शाई लागलेलीच आहे, तो उलटा करून दुसऱ्या रंगाच्या शीटवर ठेवलात तर तो स्वतःही छापला जातो. हे दोन तीन रंगांत करत गेलात तर संध्याकाळपर्यंत जमिनीवर पाय ठेवायला जागा उरत नाही.

दुसरा रंग चढवायचा तर पहिला ओला असतानाच चढवून बघा आणि थोडा सुकल्यावरही बघा, दोन्हीत खूप फरक पडतो. ओल्यावर वरचा रंग अर्धवट बसतो आणि खालचा थोडा शीटवर परत जातो.

प्रिंट उलटी येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ॲब्स्ट्रॅक्टवाल्यांना वाटतं की आपल्याला काय फरक पडतो. पडतो. उजवीकडे खाली ठेवलेला जड काळा आकार डावीकडे गेला की अख्खं चित्र वेगळ्या बाजूला कलतं. छापण्याआधी शीटचा मोबाइलवर फोटो काढून फ्लिप करून बघायचा, दहा सेकंदांचं काम आहे.

रजिस्ट्रेशन, कंटाळवाणं पण इथेच सगळं अडतं

एकापेक्षा जास्त वेळा छापायचं म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे. रविवर्मा प्रेसमध्ये, 1894 ला मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला तो, देवादिकांच्या तसबिरींसाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा आणि सगळे एकमेकांवर केसभरही न हलता बसवायचे. जपानी वुडकटवाले ब्लॉकलाच दोन खाचा करतात, एक कोपऱ्याला आणि एक कडेला, कागद त्यात टेकवायचा. तीही पद्धत छान आहे पण हात बसायला वेळ लागतो.

सोपा उपाय ऑफिसमधल्या पंचिंग मशीनचा. आपल्याकडच्या साध्या दोन भोकांच्या पंचिंग मशीनची भोकं 8 सेंटिमीटर अंतरावर असतात. कागद कापतानाच वरच्या बाजूला दोन इंच जास्त ठेवा, मधोमध पंच करा. एका एमडीएफच्या पाटीवर वरच्या बाजूला, ब्लॉकच्याच जाडीच्या प्लायची पट्टी चिकटवा आणि तिच्यात 8 सेंटिमीटर अंतरावर दोन बुटक्या लाकडी खुंट्या बसवा, भोकात घट्ट पण न फाडता जातील अशा. पट्टी ब्लॉकच्या जाडीची हवी हे विसरू नका, नाहीतर कागद तिथे वाकतो आणि कडेला सुरकुती येते. पट्टीच्या खाली दोन पट्ट्यांचा काटकोन ठोका, ब्लॉक त्यात टेकतो. झालं, कागद खुंट्यांवर, ब्लॉक काटकोनात, कितीही थर द्या. सगळे थर झाले की वरचे दोन इंच कापून टाकायचे.

एक गोष्ट मात्र खुंट्याही सांभाळत नाहीत, ती म्हणजे हवा. कागद दमट हवेत फुगतो आणि तोही एका दिशेला जास्त. मुंबई, कोकण, गोव्याकडे पावसाळ्यात पहिला थर कोरड्या दिवशी आणि दुसरा पावसात दिला तर ए3 आकाराला एखादा मिलिमीटर सहज सरकतो. कागद छापायच्या आदल्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, थर देऊन वाळले की परत प्लास्टिकमध्ये. आणि मुळात पहिल्या डिझाइनमध्ये दोन रंग कडेला कड लावून ठेवूच नका, एकमेकांवर दोन तीन मिलिमीटर चढू द्या, पारदर्शक शाई आहे, चढलेली पट्टी सुंदरच दिसते.

प्लाय कापून छापायचं

आता फ्रँकेंथेलरवाली गोष्ट. खरं तर लाकूड कापून तुकड्यांना वेगवेगळी शाई लावून परत जुळवून एकदम छापायची युक्ती त्याच्याही आधी, 1890 च्या दशकात, नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक वापरत होता. नवशिक्यासाठी ही पद्धत सोन्यासारखी आहे कारण चार रंग एकाच दाबात छापले जातात, रजिस्ट्रेशनचा प्रश्नच येत नाही.

4 मिलिमीटरचं प्लाय घ्या, ए4 पेक्षा दोन बोटं मोठं. त्यावर मार्करने तीन किंवा चार आकार, जास्त नाही. कागदावर रेखाटन करून ते उतरवत बसण्यापेक्षा थेट लाकडावर, उभं राहून, खांद्यातून हात फिरवून काढा, पेंटिंगला काढता तसे. फक्त फार चिंचोळी टोकं नकोत, कापताना तुटतात. सुताराकडे जिगसॉ मशीन असतं, त्याला सगळ्यात बारीक दातांचं, अरुंद पातं लावायला सांगा आणि हळू चालवायला सांगा, कारण त्याला वाटतं काहीतरी फर्निचरचं काम आहे. सुरुवात करताना आतून भोक पाडण्यापेक्षा कडेवरून आत शिरायचं, म्हणजे बाहेरची चौकट अखंड राहिली नाही तरी चालेल पण आकार स्वच्छ निघतात. ती उरलेली चौकटसुद्धा ठेवा, जुळवताना लागते.

तुकड्यांच्या कडा काचपेपरने नुसत्या मोडा, गोल करू नका. मागे नंबर आणि वरच्या दिशेचा बाण काढा. लाकडाचे रेषे प्रिंटमध्ये हवे असतील तर तारेचा ब्रश रेषांच्या दिशेने जोरात घासा, मऊ लाकूड निघून जातं आणि कडक रेषा वर राहतात. नको असतील तर त्या तुकड्यापुरतं एमडीएफ वापरा. दोन्ही एका प्रिंटमध्ये असले तर आणखी मजा, एक रंग सपाट आणि शेजारचा वाहता. फ्रँकेंथेलर पुढे पुढे लाकूड काचपेपरने आणि दातांच्या डॉक्टरांच्या हत्यारांनीसुद्धा घासून ओरबाडून घ्यायची, तेही करून बघण्यासारखं आहे. शेवटी सगळ्याला फ्रेंच पॉलिशचा एक पातळ हात मारा, म्हणजे लाकूड शाई पीत नाही आणि पुसायला सोपं जातं.

छापताना प्रत्येक तुकडा बाजूला घेऊन त्याच्या त्याच्या रंगाचा रोलर फिरवायचा. रोलर दोनच असतील तर फिकट रंग आधी, मग पुसून पुढचा. पातळ दोन तीन हात द्या, एकच जाड हात नको. मग चौकटीत तुकडे परत बसवायचे, बोटांचे ठसे वर लागू न देता, कडेने धरून. कागद खुंट्यांवर अडकवा, सोडा, घासा. लाकूड पहिल्या दोन तीन प्रिंटना शाई खातं, त्या फिक्या येणारच, जुन्या कागदावर काढा.

तुकड्यांमध्ये पात्याच्या जाडीएवढी पांढरी रेघ येते. काहींना ती आवडते, मला ती रंगीत काचेच्या खिडकीसारखी वाटते आणि मग सगळं चित्र तिच्याच तालावर नाचायला लागतं. घालवायची असेल तर आधी दुसऱ्या एका अखंड प्लायने संपूर्ण भागावर एक अगदी फिकट थर छापून घ्या, राखाडीत थोडा पिवळा किंवा मातकट गुलाबी, नव्वद टक्के माध्यमच. तो थोडा वाळला की वर तुकडे छापा. रेघ राहते पण पांढरी किंचाळत नाही, आणि सगळे रंग एका हवेत आल्यासारखे वाटतात. इथून रजिस्ट्रेशनची पाटी कामाला येते.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. तुकडे तेच ठेवून रंग बदला. एकदम चारही बदलू नका, त्यातून काही शिकायला मिळत नाही, एका वेळी एकच. मोठा आकार निळा आहे तो गेरू करा, बाकीचे तसेच. मग फक्त पिवळ्यात जरा सायन टाकून आंबट करा. प्रिंट ओळीने दोरीवर टांगा आणि दुसऱ्या दिवशी लांबून बघा. बहुतेक वेळा असं दिसतं की तुम्हाला रचना कमजोर वाटत होती ती रचना ठीक होती, दोन रंगांचा उजेड सारखा होता म्हणून ती सपाट पडत होती. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं की लगेच कळतं.

मऊ कडा हव्या असतील तर ब्लेंड रोल. स्लॅबवर दोन शाया शेजारी शेजारी ओढायच्या, रोलर दोन्हीवर एकदम फिरवायचा आणि जाता येता सेंटिमीटरभर डावीउजवीकडे हलवायचा, मध्ये आपोआप उतरता रंग तयार होतो. रोलर उचलून परत ठेवताना बाजू उलटी झाली की संपलं, सगळा चिखल, म्हणून रोलरच्या एका टोकाला टेप लावून ठेवा. आणि हा प्रकार इतका गोड दिसतो की लोक प्रत्येक प्रिंटला सूर्यास्त करून ठेवतात, जरा हात आवरा.

थरांचा क्रम साधारण फिकट ते गडद. प्रोसेस यलो दिसतो तितका पारदर्शक नसतो, निळ्यावर पिवळा चढवला तर हिरवा जरा दुधाळ येतो, पिवळ्यावर निळा चढवला तर स्वच्छ येतो. दोन्ही हिरवे एकदा छापून ठेवा, कधी दुधाळच हवा असतो. दोन थरांमध्ये एक ते तीन दिवस, बोटाला लागत नाही इतपत. घाई म्हणून ड्रायर, म्हणजे शाई लवकर सुकवणारं द्रव्य, जास्त ओतलात तर थर काचेसारखा कडक आणि चकचकीत होतो आणि पुढची शाई त्यावर धरतच नाही, मणी मणी होऊन बसते. पावसाळ्यात सुकायला आठवडा लागू द्या, पंखा लावा, ड्रायर अगदी थेंबभर.

रिडक्शन लिनोबद्दल लोक विचारतात, पिकासोने 1950 च्या दशकाच्या शेवटी ते खूप गाजवलं, एकच लिनो, फिकट रंग छापायचा, थोडं कोरायचं, पुढचा रंग छापायचा, असं करत करत ब्लॉक संपतो. पद्धत भारी आहे पण पहिल्यांदा करू नका असं माझं मत. त्यात रंग आधीच ठरवावे लागतात आणि मागे जाता येत नाही, म्हणजे आपण ज्या मोकळेपणासाठी इथे आलो तोच जातो.

व्हिस्कॉसिटी, प्रेस मिळाली तर

इथे आपल्या माणसांचा मोठा हात आहे. पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर या प्रिंटमेकरच्या अतेलिए 17 या वर्कशॉपमध्ये 1950 च्या दशकात कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेला कायको मोती यांनी एकाच धातूच्या प्लेटवर, एकाच दाबात, अनेक रंग छापायची पद्धत विकसित करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. रेड्डी मूळचे शिल्पकार, त्यामुळे प्लेट त्यांच्यासाठी सपाट नव्हतीच, खोल, मध्यम, वर अशा पातळ्या ते तीत कोरायचे. त्यांची 1963 ची 'व्हर्लपूल' बघितली तर रंग एकमेकांच्या पोटातून वर आल्यासारखे दिसतात.

व्हिस्कॉसिटी म्हणजे शाईचा घट्टपातळपणा, आणि तत्त्व असं की जास्त तेलाची पातळ शाई आधी लागली असेल तर घट्ट, कोरडी शाई तिच्यावर चढत नाही. विश्वास ठेवू नका, करून बघा. पिवळ्यात जवसाचं तेल घाला, पत्री उचलली की मधासारखी धार पडली पाहिजे. निळ्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मळा, पत्री उभी केली तरी शाई जागची हलता कामा नये. सनमायकाच्या तुकड्यावर पिवळ्याचा एक पट्टा रोल करा, आता निळ्याचा रोलर त्याला आडवा, मोकळ्या जागेवरून सुरू करून पिवळ्यावरून पलीकडे न्या. मोकळ्या जागेवर निळा बसतो, पिवळ्यावर आला की रोलर नुसता घसरल्यासारखा जातो आणि पिवळा पिवळाच राहतो, पलीकडे परत निळा. तेल कमी पडलं तर मध्ये हिरवट डाग येतात, मग थोडं थोडं वाढवत जा. ही चाचणी जमेपर्यंत प्लेटला हात लावू नका.

प्लेट म्हणून जस्ताची एचिंग प्लेट लागतेच असं नाही, कोलाग्राफ चालतो. जाड पुठ्ठा किंवा एमडीएफ, त्यावर कागदाचे थर चिकटवून उंचवटे करा, काही ठिकाणी पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा सोलून खोलगट करा, फेविकॉल पसरून त्यावर रांगोळी किंवा बारीक वाळू भुरभुरवा, सुकलं की झटकून फ्रेंच पॉलिशचे तीन चार हात द्या, मागेही. आता आधी गडद शाई कापडाने सगळीकडे चोळून पुसून घ्यायची, ती फक्त खोल जागी राहते. मग कडक रोलरने, अगदी हलक्या हाताने, तेलाची शाई, ती फक्त वरच्या उंचवट्यांना लागते. शेवटी मऊ रोलरने, दाब देऊन, घट्ट शाई, ती मधल्या पातळीत उतरते आणि वर तेलाने अडवली जाते. ओला करून टिपलेला 250 ते 300 जीएसएमचा कागद ठेवून प्रेसमधून काढा. प्रेस उसाच्या चरकासारखीच, दोन रोलरमधून सगळं दाबून काढायची. घरी विकत घ्यायची गरज नाही, जवळच्या आर्ट कॉलेजच्या प्रिंटमेकिंग विभागात ओळख काढा, नाहीतर बडोद्याचं छाप, दिल्लीचं गढी, भोपाळचं भारत भवन अशा ठिकाणी प्रिंटमेकिंगचे स्टुडिओ आहेत, आधी विचारून जा.

आवरासावर आणि सही

रोलर केरोसीनमध्ये बुडवू नका, रबर फुगतं. आधी सुक्या कागदाने शाई काढा, मग खायच्या तेलाने पुसा, मग भांड्यांच्या साबणाने. रोलर उभा किंवा टांगून ठेवा, टेकवून ठेवलात तर सपाट डाग पडतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका, त्या सुकताना गरम होतात आणि आपोआप पेटू शकतात, ही गोष्ट खरी आहे. पाण्यात भिजवून किंवा एकेक पसरून वाळवून मगच टाका. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले.

सही पेन्सिलनेच, प्रिंटच्या खाली, उजवीकडे सही आणि साल, डावीकडे नंबर. एकसारख्या बारा प्रिंट असतील तर 1/12, 2/12 असे, आणि एकदा बारा म्हटलं की तेरावी काढायची नाही. मोनोटाइप असेल तर 1/1. स्वतःसाठी ठेवलेल्या एक दोन प्रतींवर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. आपण वर केलं तसं आकार तेच आणि रंग दर वेळी वेगळे असतील तर ती साधी एडिशन, म्हणजे एकसारख्या प्रिंटचा संच, होत नाही, त्यावर ई.व्ही. (एडिशन व्हेरिएबल) 3/8 असं लिहा आणि घेणाऱ्याला बाकीच्या सातही दाखवा, कारण बरेचदा लोक एकटी प्रिंट बघून गप्प असतात आणि दोन शेजारी ठेवल्या की दोन्ही मागतात.